चित्रकलेचा तास आणि संगणकाचा तास

पालक-सभेत दर वर्षी एक मागणी असतेच: चित्रकलेचा तास कमी करून संगणकाचा वाढवा. त्यामागची काळजी मी समजू शकतो. हैदराबादमध्ये हायटेक सिटी डोळ्यांसमोर आहे. आपली मुले मागे पडू नयेत असे सर्वांनाच वाटते. तरीही हे दोन तास एकमेकांचे विरोधक आहेत, हे मला पटत नाही.

संगणकावरचा ‘मंगल’ हा देवनागरी फाँट पाहा. विंडोज २००० बरोबर तो आला. मराठीला जसा, तसाच आम्हा हिंदी माध्यमातून शिकलेल्यांनाही तो उपयोगी पडला. तो घडवला प्रा. र. कृ. जोशी यांनी. ते सुलेखनकार आणि मराठी कवी होते, मुंबईच्या आय.आय.टी.त त्यांनी अध्यापन केले. ‘कि’ लिहिताना आपण आधी क आणि मग वेलांटी दाबतो, पण पडद्यावर वेलांटी डावीकडे जाऊन बसते. जोडाक्षरेही आपोआप जुळतात. हे नियम तंत्राचे. पण अक्षराचे वळण कसे असावे, हे लेखणी धरलेल्या हातालाच कळते.

आज यंत्र क्षणात चित्र काढून देते. अशा वेळी चांगले-वाईट ओळखणारी नजर जास्त मोलाची ठरते, आणि स्वतः काही घडवल्याशिवाय ती येत नाही.

म्हणून शाळेत दोन्ही तास राहतील. पालकांना एकच विनंती: मुलाच्या हाती ब्रश दिसला तर “आता अभ्यास कर” असे म्हणू नका. तोही अभ्यासच आहे.