ढिगाऱ्याचा पहिला राखणदार

चेन्नईत मांबलम स्थानकावरून तांबरमकडे जाणारी लोकल धरली, की सहावे स्थानक तिरुसुलम. समोरच विमानतळ. मांबलम स्थानकाच्या पश्चिमेला वेस्ट मांबलमची दाट वस्ती. अशा वस्तीत विमान पडले तर? मुंबईतल्या घाटकोपरच्या रहिवाशांना हा प्रश्न काल्पनिक वाटणार नाही. २८ जून २०१८ रोजी जुहूहून चाचणीसाठी उडालेले छोटे विमान तिथल्या भर वस्तीत, एका बांधकामावर कोसळले. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी गेला.

अशा वेळी अवशेषांना हात लावायचा कुणी? विमान अपघात अन्वेषण ब्युरोच्या परवानगीशिवाय ते हलवता येत नाहीत, असा नियम आहे. माणसे, जनावरे बाहेर काढणे, आगीपासून बचाव करणे, लोकांचा धोका किंवा अडथळा दूर करणे, अशा मोजक्या कारणांसाठीच मोकळीक. ती रास्तच आहे. ढिगाऱ्याखाली जीव असताना पुराव्याचा विचार कुणी करू नये. पण ब्युरो दिल्लीत. त्याची माणसे पोहोचेपर्यंत सगळी भिस्त असते जवळच्या ठाण्यातल्या शिपायावर. भोवती शेकडो मोबाइल उंचावलेले असताना कशाला हात लावू द्यायचा नाही, हे त्याला कुणी शिकवले आहे काय?

अहमदाबादच्या १२ जून २०२५ च्या दुर्घटनेचा प्राथमिक अहवाल या दृष्टीने वाचावा. इंजिनांची शक्ती नियंत्रित करणारे दोन्ही दांडे अवशेषांत मागे, जवळपास किमान शक्तीच्या जागी सापडले. उड्डाणाच्या नोंदींनुसार मात्र ते आदळेपर्यंत पुढेच होते. ही तफावत कशाने पडली, याचा शोध घेताना मधल्या वेळात कुणी ते हलवले नाहीत, याची खात्री लागते. एका अजाण हाताने ती कायमची जाते. २६० माणसे गेलेल्या अपघातात हे परवडणारे नाही.

अवशेषच नसले तर काय होते, हे त्याच लोकल मार्गावरच्या तांबरमला ठाऊक आहे. २२ जुलै २०१६ रोजी तिथून पोर्ट ब्लेअरला निघालेले हवाई दलाचे एएन-३२ विमान २९ जणांसह नाहीसे झाले. चेन्नईच्याच राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेच्या पाणबुड्या यंत्राने टिपलेल्या छायाचित्रांत, ३,४०० मीटर खोलीवर, त्याचे अवशेष दिसल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. लष्करी विमानांना नागरी नियम लागू नाहीत. पण साडेसात वर्षे वाट पाहणाऱ्या घरांना त्या भेदाचे काय?

आमची मागणी साधी आहे. विमानतळाभोवतीच्या प्रत्येक पोलीस ठाण्याला आणि अग्निशमन केंद्राला ब्युरोने वर्षातून एकदा प्रत्यक्ष सराव द्यावा. दोरी कुठवर लावायची, जखमीसाठी पत्रा कापण्याआधी एक छायाचित्र कसे घ्यायचे, आणि कुणी उचलून आणून दिलेला तुकडा नेमका कुठे पडला होता हे कसे नोंदवायचे, एवढे तरी शिकवावे. सुरुवात घाटकोपर आणि कुर्ल्यापासून करावी. त्यासाठी नवा कायदा नको; एक परिपत्रक पुरे.