मासळीच्या टोपलीतला बर्फ

जुलै २०१८ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक मासळी बाजारात तपासणी केली, तेव्हापासून ‘फॉर्मालिन’ हा शब्द गोमंतकीय ग्राहकाच्या मनात घर करून बसला आहे. प्राथमिक चाचणीत हे रसायन आढळल्याचे सांगण्यात आले आणि त्याच दिवशी, प्रयोगशाळेच्या हवाल्याने, प्रमाण मर्यादेत असल्याचेही जाहीर झाले. या उलटसुलट निवेदनांनी लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. पुढे परराज्यांतील मासळीवर काही दिवस बंदी आली. वर्षअखेरीस उष्णतारोधक वाहनांची अट आली. या गदारोळात बाजारातील एक साधी वस्तू मात्र चर्चेबाहेर राहिली, ती म्हणजे बर्फ.

वास्तविक फॉर्मालिनची कहाणी बर्फापासूनच सुरू होते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि गोव्याच्या जेवणातील बांगडा, इसवण शेकडो किलोमीटरवरून ट्रकने येतात. उष्ण हवामानात मासळी नीट राखायची तर साधारण तिच्याच वजनाइतका बर्फ लागतो. तो वाटेत वितळतो, पुन्हा भरावा लागतो, आणि त्याच्या वजनाचेही भाडे पडते. फॉर्मालिन वितळत नाही. फॉर्माल्डिहाइडचे हे द्रावण प्रथिनांना घट्ट बांधून कुजणे थांबवते. म्हणूनच ते शरीररचनाशास्त्राच्या विभागात वापरले जाते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले आहे. अर्थात काही सागरी माशांत मृत्यूनंतर ते अल्प प्रमाणात आपोआपही तयार होते, त्यामुळे नुसते ‘आढळले’ एवढ्याने भेसळ सिद्ध होत नाही. किती आढळले, हे सांगावेच लागते. २०१८ मध्ये नेमके तेच धडपणे सांगितले गेले नाही.

आता खुद्द बर्फाकडे पाहू. लादी जमिनीवरून ओढली जाते, गोणपाटात गुंडाळून दांडक्याने फोडली जाते. तिचे पाणी कुठले, हे कोणी विचारत नाही. गोठवल्याने जंतू मरतात, हा समज चुकीचा आहे, ई. कोलायसारखे जिवाणू बर्फात टिकून राहतात. मासळी शिजते, म्हणून धोका बराच टळतो. पण त्याच कारखान्याची लादी उसाच्या रसाच्या गाड्यावर गेली, तर तिथे शिजवणारे कोणी नसते.

हे ओळखूनच २०१८ मध्ये महाराष्ट्राने खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळणे सक्तीचे केले. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचेही धोरण तेच. रसवाल्याकडील निळा खडा ग्राहकाला ताबडतोब ओळखता येतो, एवढा या नियमाचा उपयोग निश्चित आहे. मात्र त्यात एक मेख आहे. रंग दिला की अशुद्ध पाण्याच्या बर्फाला जणू परवानाच मिळतो, आणि तो बर्फ टोपलीत मासळीला थेट चिकटून बसतो. तीच मासळी हाताळलेल्या हातांनी घरात कोशिंबीर चिरली जाते. अन्नाला स्पर्श करणारा प्रत्येक बर्फ पिण्याच्या पाण्याचाच हवा, ही अट निळ्या रंगाहून अधिक सरळ ठरली असती. कारखानदार खर्चाची सबब पुढे करतील, हे उघड आहे.

मडगाव व म्हापशाच्या बाजारांत मासळीबरोबर बर्फाचाही नमुना घेतला जावा आणि दोन्हींचे आकडे बाजाराच्या दारावर लावले जावेत. पाण्याची जिवाणू-तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांना हे काम नवे नाही, आणि जून महिना उजाडण्यापूर्वी ते सुरू करता येण्याजोगे आहे.