पाहुण्याने उत्सवात कुठे उभे राहावे?

परदेशातील एखादा उत्सव पाहण्यास जाणाऱ्या प्रवाशाच्या मनात, तो ते कबूल करो वा न करो, एक गृहीत ठाण मांडून बसलेले असते. ते असे की, ज्या अर्थी आपण इतक्या दूरवरून इतका पैसा खर्चून आलो आहोत, त्या अर्थी समोर जे चालले आहे ते काही अंशी आपल्यासाठीच चालले असले पाहिजे. या गृहीताचा निरास जितक्या सौजन्याने आणि तितक्याच निश्चयाने क्योतो शहरातील गिओनचा उत्सव करतो, तितका दुसरा कोणता उत्सव करीत असेल असे मला वाटत नाही. अलीकडे आपल्याकडील पुष्कळ मंडळी जपानला जाऊ लागली आहेत. त्यांपैकी जी जुलैत तेथे असतात त्यांना प्रवासी कंपन्या 17 तारखेची एक सकाळ या उत्सवासाठी नेमून देतात, रथांची मिरवणूक दाखवतात आणि दुपारी दुसऱ्या गावची गाडी धरावयास लावतात. माझे म्हणणे असे की, ही एक सकाळ म्हणजे उत्सव नव्हे. आणि जो एवढेच पाहून परततो त्याने शोभा पाहिली, परंतु ती शोभा कोणाच्या जबाबदारीवर उभी आहे हे त्याला कळले नाही.

उत्सवाचे मूळ आनंदात नसून भयात आहे. 869 साली देशात रोगराईने थैमान घातले असता, अकाली किंवा अन्यायाने मेलेल्यांचे कोपलेले आत्मे हे संकट आणीत आहेत अशा समजुतीने, राजधानीतील शिनसेन-एन या उद्यानात देशाच्या 66 प्रांतांच्या नावे 66 भाले उभारून शांतिविधी करण्यात आला. ज्या देवस्थानाशी हा विधी निगडित आहे ते आज यासाका म्हणून ओळखले जाते. पण 1868 साली सरकारी हुकमाने बौद्ध व शिंतो उपासना विभक्त केल्या जाण्यापूर्वी त्याची ख्याती गिओन या नावाने होती, आणि हे नाव आले होते श्रावस्तीच्या जेतवन विहारावरून. तेथील मूळ देवता, बैलाचे मस्तक धारण करणारी, त्या जेतवनाची रक्षक मानली जात असे. कोसल देशातील एका उपवनाची कीर्ती चीन व कोरियामार्गे प्रवास करीत क्योतोच्या एका वस्तीला, देवळाला आणि उत्सवाला चिकटून राहिली, ही गोष्ट भारतीय प्रवाशाला मार्गदर्शकाने आवर्जून सांगितली पाहिजे.

तथापि हा उत्सव आज ज्यांचा आहे त्या लोकांचा हक्क राजाज्ञेतून आलेला नाही. 1467 साली सुरू झालेल्या ओनिन युद्धात क्योतो जळून राख झाले आणि मिरवणूक बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली 1500 साली. पुढे 1533 मध्ये शोगुनाच्या दरबारातून देवस्थानाचे विधी तहकूब करण्याचा हुकूम सुटला, तेव्हा पेठांतील व्यापारी व कारागीर यांनी अर्ज केला की, देवाचे विधी होवोत वा न होवोत, आम्हांस आमचे रथ काढू द्यावेत. एका परीने हा उद्धटपणाच होता. पण त्या उद्धटपणातच या उत्सवाची खरी सनद आहे. रथ देवळाचे नाहीत, सरकारचे नाहीत. ते पेठांचे आहेत. प्रत्येक पेठ आपल्या रथाचा जमाखर्च ठेवते, त्याची वस्त्रे व मूर्ती सांभाळते आणि वर्षभर कोणी काय करावयाचे याची वाटणी करते. 1864 च्या आगीत जळालेला नौकेच्या आकाराचा एक रथ त्याच्या पेठेने 150 वर्षांनी, 2014 साली, पुन्हा रस्त्यावर आणला. आणि 1826 च्या वादळात मोडलेला ताका-यामा 2022 मध्ये, 196 वर्षांच्या खंडानंतर, मिरवणुकीत परतला. जे रथ कोणाही हयात माणसाने पाहिलेले नव्हते त्यांचे स्मरण पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेवणे हे प्रेक्षकांचे काम नव्हे.

म्हणून मी प्रवाशास प्रथम सुचवीन की, त्याने मिरवणुकीच्या आठवडाभर आधी तेथे पोहोचावे. 10 जुलैपासून शिजो मार्गावर व त्यास लागून असलेल्या गल्ल्यांत रथांची बांधणी सुरू होते. सुतार आणि दोरकाम करणारे कारागीर लाकडी चौकटीचे सांधे एकही खिळा न मारता केवळ भाताच्या पेंढ्याच्या दोराने आवळतात. दोराचे वेढे एकावर एक असे बसवतात की सांधा पक्का तर होतोच, पण रथ हलताना जो ताण येतो तो सोसण्यापुरती त्यात लवचीकताही राहते. आणि वेढ्यांची टोके अशा नक्षीने गुंफतात की ते काम नंतर भरजरी वस्त्रांखाली झाकले जाणार आहे हे पाहून मन हळहळते. मोठा रथ आडवा ठेवून त्यात डोलकाठी बसवतात आणि मग दोर लावून सगळा सांगाडा हळूहळू उभा करतात. सुमारे 25 मीटर उंची आणि 12 टनांच्या आसपास वजन असलेली ही वस्तू डोळ्यांदेखत उभी राहताना पाहावी आणि त्या वेळी रस्त्यावर किती थोडे प्रेक्षक असतात तेही पाहावे.

मिरवणुकीआधीच्या संध्याकाळी मात्र गर्दीला सुमार नसतो. रथांपुढे कंदिलांच्या उंच माळा लागतात, वर बसलेले वादक काशाच्या छोट्या घंटा, बासरी आणि ढोल यांचा संथ ठेका धरतात, आणि पावसाळा सरता सरता डोंगरांच्या कुशीत कोंडलेली दमट उष्णता अशी असते की आपल्या कोकणातल्या माणसालाही घाम पुसणे भाग पडावे. पेठेच्या सभागृहापुढे लहान मुले एका सुरात गाणे म्हणत चिमाकी विकतात. बांबूच्या जातीच्या पानांची ही गुंडाळी खाण्यासाठी नसते. ती दारावर टांगावयाची आणि वर्षभर घराला रोगराईपासून राखावयाचे. तिच्यामागची कथा अशी की, देव वाटसरूच्या वेषात फिरत असता श्रीमंत भावाने त्याला दारातून परतवले, तर सोमिन शोराई या गरीब भावाने भरडधान्याचे जेवण व गवताचे अंथरूण दिले. पुढे साथ आली तेव्हा सोमिनचे कुटुंब वाचले. आजही चिमाकीवर आपण सोमिनचे वंशज असल्याचे लिहिलेले असते. ज्या उत्सवाच्या मुळाशी पाहुण्याच्या स्वागताची ही कथा आहे तो पाहुण्याला तुच्छ लेखील कसा? काही रथांवर तर चिमाकी घेतलेल्या परक्या माणसालाही त्या संध्याकाळी चढू देतात. परंतु कथेचा उत्तरार्ध विसरता कामा नये: पाहुण्याने यजमानाच्या घराची काळजी वाहिली.

याच संध्याकाळी रथांवरील वस्त्रे जवळून पाहता येतात. कान्को-होको नावाच्या रथाच्या दर्शनी भागावरील सोळाव्या शतकातील फ्लेमिश विणकामात बायबलाच्या उत्पत्तिग्रंथातील रिबेका विहिरीवर पाणी देते आहे; आणि ज्या काळात जपानात ख्रिस्ती धर्मास सक्त मनाई होती त्या काळातही हे चित्र भर रस्त्यातून मिरवले जात होते, त्यावरून त्यातली कथा कोणाच्या फारशी ध्यानात आली नसावी. कोइ-यामा या रथावर ट्रॉयच्या युद्धातील प्रसंग आहेत. पण मराठी प्रवाशाने शोधावेत ते गालिचे. डच व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आलेल्या भारतीय गालिच्यांचा या रथांवर मोठा संग्रह असून त्यांतील काही दख्खनचे असल्याचे गालिच्यांच्या अभ्यासकांनी ठरवले आहे. दख्खनी मागांवर विणलेली आणि आज दुर्मीळ झालेली ही वस्त्रे क्योतोच्या व्यापाऱ्यांनी विकत घेतली, वर्षातून थोडे दिवस वापरली, पुन्हा घडी करून कोठारात ठेवली, आणि म्हणून ती वाचली. आपल्या भूमीतील कारागिरीचे जतन परक्या पेठेने केले, याबद्दल अभिमान बाळगावा की खंत, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मिरवणुकीचा दिवस हा कायद्याने चालतो. 17 जुलैला 23 आणि 24 जुलैला 11 असे एकूण 34 रथ निघतात. नागिनाता-होकोसारख्या थोड्या रथांचे स्थान वहिवाटीने पक्के आहे; बाकीच्यांचा क्रम 2 जुलै रोजी चिठ्ठ्या काढून लावतात. मिरवणुकीत आधी कोण आणि मागून कोण, या प्रश्नावर आपल्याकडे किती बैठका आणि किती कागद खर्ची पडतात हे वाचकांस सांगावयास नको. क्योतोच्या पेठांनी हा तंटा 1500 साली, उत्सवाच्या पुनरारंभाबरोबरच, चिठ्ठीवर सोपवून मिटवला. वाटेत जुन्या न्यायाधिकाऱ्याच्या पोशाखात महापौर बसलेले असतात. प्रत्येक पेठेचा प्रतिनिधी त्यांच्यापुढे येतो, लाखेच्या पेटीची दोरी हाताने न सोडता पंख्याच्या एका डौलदार फटकाऱ्याने सोडवतो आणि आतली चिठ्ठी रुजू करतो; ती तपासली गेल्यावरच रथ पुढे सरकतो. चौकात वळणाचा प्रसंग आला की कसोटी लागते, कारण पुरुषभर उंचीच्या या चाकांना वळण्याची सोयच नाही. चाकांखाली बांबूच्या चिरफळ्या पसरून त्यांवर पाणी ओततात, दोर बाजूला नेतात, रथाच्या पुढ्यात उभे असलेले दोघे पंखे उगारून आरोळी देतात, आणि सर्वांनी एकदम ओढताच तो डोलारा करकरत थोडा घसरतो. असे दोन-तीनदा केल्यावर काटकोन पुरा होतो. रथाला वाट मिळावी म्हणून शहराने मार्गावरील वाहतुकीचे दिवेही बाजूला वळवता येतील असे बसवले आहेत. शहराने उत्सवापुढे सरकून उभे राहावे, ही तजवीज मला कोणत्याही भाषणापेक्षा बोलकी वाटली.

आणि मग, टाळ्यांचा आवाज विरतो न विरतो तोच, रथ आपापल्या गल्लीत परतून त्याच दिवशी सोडवले जाऊ लागतात. रथांनी रस्त्यावरील पीडा आपल्याकडे ओढून घेतली, आता त्यांना उभे ठेवणे इष्ट नाही, असा त्यामागचा भाव आहे. रथांचे काम वाट शुद्ध करण्यापुरते; देवाच्या तीन पालख्या निघतात त्या त्याच संध्याकाळी, आणि 24 च्या रात्री त्या देवळात परततात. सकाळच्या प्रेक्षकांपैकी कितीतरी जण तोपर्यंत रेल्वेत बसलेले असतात. प्रस्तावना वाचून ग्रंथ मिटावा, तसा हा प्रकार होय.

येथे पैशाचा प्रश्न येतो, आणि त्यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. एवढ्या गर्दीचा बंदोबस्त, सुरक्षा आणि सफाई यांना खर्च लागतो; तेव्हा रस्त्याकडेला खुर्च्या मांडून त्यांचे शुल्क घेण्यास माझी हरकत नाही. पण 2023 साली पर्यटनाचा कारभार पाहणाऱ्या मंडळींनी परदेशी धनिकांसाठी प्रत्येकी 4,00,000 येन, म्हणजे दोन लाखांहून अधिक रुपये, दराच्या खास जागा खानपानासह विक्रीस काढल्या. पुढच्या वर्षी तेथे मद्य देण्याबाबत देवस्थानाच्या मुख्य पुजाऱ्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली, ती सर्वथा योग्य होती. रोगनिवारणाचा विधी चालू असताना त्याकडे पेला हाती घेऊन पाहण्याचा हक्क विकता येतो, असे एकदा ठरले की पेठेचा मनुष्य यजमान न राहता नट होतो, आणि नटाचे काम पैसे थांबले की थांबते.

या यजमानांची स्थिती मुळात नाजूक आहे. जुनी लाकडी घरे जाऊन तेथे कार्यालये व उंच इमारती आल्या. पेठेत वस्तीला असणारी कुटुंबे थोडी उरली. दोर ओढण्यास विद्यार्थी आणि बाहेरगावचे स्वयंसेवक बोलवावे लागतात. काही पेठांनी नव्या इमारतींतील रहिवाशांना सामील करून घेतले, काहींनी स्त्री वादकांना रथावर जागा दिली; नागिनाता-होकोवर मात्र आजही स्त्रियांना चढता येत नाही. ही मनाई मला पटत नाही आणि ती पटत नाही असे म्हणण्यास पाहुणेपण आड येऊ नये. मात्र ती उठवण्याचा निर्णय पेठेने घेतला तरच तो टिकेल. 1966 साली वाहतुकीच्या सोयीसाठी दोन मिरवणुका एकत्र केल्या गेल्या होत्या. 2014 मध्ये त्या पुन्हा वेगळ्या झाल्या, कारण पेठांना तसे हवे होते. 2009 साली युनेस्कोने या मिरवणुकीची नोंद आपल्या यादीत केली, तो सन्मानच झाला. पण दोर आवळणारा हात यादीतून येत नाही.

तेव्हा जुलैत क्योतोला जाणाऱ्या मराठी वाचकास माझी विनंती इतकीच: 17 तारखेची खुर्ची मिळाली नाही म्हणून हिरमुसू नका. आठवडाभर आधी जाऊन दोरकाम पाहा. शक्य असेल तर 24 तारखेची मिरवणूक निवडा, कारण तिच्या आदल्या संध्याकाळी रस्त्यावर खाद्यपदार्थांच्या टपऱ्या नसतात आणि पेठांचा स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो. पेठेच्या सभागृहातून एक चिमाकी विकत घ्या, कारण ते पैसे रथाच्या खात्यात जमा होतात. छायाचित्रासाठी कोणाची वाट अडवू नका. आणि संध्याकाळी पालख्या निघेपर्यंत थांबा. पाहुण्याची जागा रस्त्याच्या कडेला आहे, आणि ती मुळीच कमीपणाची नाही.