कावीळ एक नाही, आणि तिचे बळीही सारखे नाहीत

दरवर्षी २८ जुलैला जागतिक हिपॅटायटिस दिन पाळला जातो. हिपॅटायटिस बी या विषाणूचा शोध लावणारे नोबेल विजेते शास्त्रज्ञ बरूच ब्लुमबर्ग यांचा हा जन्मदिवस. त्या दिवशी जाहिराती झळकतात, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवशी सारे शांत होते. आजार मात्र शांतपणे आपले काम करीतच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. यातील बहुतेकांना आपल्या यकृतात काय चालले आहे, याची कल्पनाही नाही.

याचे एक कारण आपल्या अज्ञानात आहे. आपल्या वस्त्यांमध्ये यकृताच्या सर्व दुखण्यांना एकच नाव आहे: कावीळ. प्रत्यक्षात यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच आहेत आणि त्यांचे स्वभाव वेगवेगळे आहेत. ए आणि ई दूषित पाण्यातून व अन्नातून येतात आणि बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. नेमक्या याच गोष्टीवर भगत-मांत्रिकांचा धंदा चालतो. गळ्यात काविळीची माळ घाला, चुन्याच्या पाण्याने हात धुवा, पिवळे पाणी उतरले की कावीळ उतरली! रुग्ण बरा होतो स्वतःच्या शरीराच्या बळावर आणि श्रेय जाते माळेला. पण तोच रुग्ण बी किंवा सी चा असेल तर? डोळ्यांचा पिवळेपणा जातो, विषाणू गेलाच असे नाही. तो शरीरात राहिला तर वीस-वीस वर्षे मुकाट्याने यकृत पोखरतो आणि शेवटी सिऱ्होसिस किंवा कर्करोग होऊन समोर उभा राहू शकतो. डी हा विषाणू तर बी असेल तरच जगतो आणि आजार अधिक गंभीर करतो.

म्हणून पहिला प्रश्न ‘कावीळ झाली का’ हा नसून ‘कोणती झाली’ हा आहे. उत्तर साध्या रक्त तपासणीत मिळते आणि उपचार त्यावरच ठरतो. सी चेही पुन्हा पोटप्रकार आहेत. भारतात सर्वाधिक आढळणारा प्रकार तिसरा. तो यकृतात चरबी साठवतो आणि यकृत निबर होण्याचा वेग वाढवतो. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. ती महाग होती, त्रासदायक होती आणि तरी खात्री नव्हती. २०१३ नंतर सोफोसबुविरसारख्या गोळ्या आल्या. अमेरिकेत त्यांच्या बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती. भारतीय कंपन्यांनी त्या तयार करू लागल्यावर किंमत कोसळली. आज बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांत बरे होतात. सिऱ्होसिस झाला असेल तर औषधांची जोडी बदलावी लागते, म्हणूनच लवकर तपासणी महत्त्वाची. बी साठी मात्र आजार मुळापासून काढणारे औषध अजून नाही. टेनोफोविरसारखी गोळी विषाणूला दाबून ठेवते आणि ती अनेकांना वर्षानुवर्षे घ्यावी लागते. पण बी ला लस आहे, सी ला नाही. जन्मतः लागण झालेल्या शंभरातील सुमारे नव्वद बालकांत बी कायमचा ठाण मांडतो, म्हणून जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिली लस मिळाली पाहिजे.

२८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व औषधे मोफत आहेत. मग अडले कुठे? अडले ते व्यवस्थेत.

या आजाराच्या वाटा बघा. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. २०१२ साली आपल्या इचलकरंजीत ई ची साथ आली. ई हा विषाणू गरोदर स्त्रीला शेवटच्या महिन्यांत गाठतो, तेव्हा शंभरातील वीस-पंचवीस जणींचा जीव घेऊ शकतो. गटाराशेजारून गेलेली फुटकी जलवाहिनी कोणाच्या वस्तीत असते, हे सांगायला नको. चवदार तळ्याचा संग्राम पाण्याच्या हक्कासाठी झाला. आज नळ आला, पण त्यातून मैला येत असेल तर तो हक्क अपुराच आहे.

दुसरी वाट सुईची. बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला बी बाधित सुई टोचली तर लागणीचा धोका शंभरात सहा ते तीस, सी चा सुमारे दोन, तर एचआयव्हीचा तीनशेत एक. ही सुई टोचते कोणाला? रुग्णालयाचा कचरा उचलणाऱ्या, वॉर्ड पुसणाऱ्या, घरोघरच्या कचऱ्यात हात घालणाऱ्या कामगाराला. हे काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जातींच्या माथी मारले गेले, हे वाचकांना ठाऊक आहे. २०१६ च्या जैव-वैद्यकीय कचरा नियमांनी हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणे रुग्णालयांवर बंधनकारक केले आहे. नियमात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. तो भेद व्यवहारात आहे. कंत्राटदार म्हणतो रुग्णालयाने द्यावी, रुग्णालय म्हणते माणसे कंत्राटदाराची. दोघांच्या भांडणात कामगाराचे यकृत जाते.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. लसीकरणाच्या नोंदीशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर होऊ नये. सुई टोचल्यावर चोवीस तासांत मोफत तपासणी, लस आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन मिळावे. कामगार संघटनांनी पगाराच्या मागणीबरोबर लसीच्या तीन मात्रांची मागणीही पत्रकात छापावी.

आणि एक गोष्ट आपल्यासाठी. बी आणि सी एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने पसरत नाहीत. तरीही रुग्णाचे भांडे वेगळे ठेवणारी घरे आहेत. वेगळ्या भांड्याचा अपमान ज्या समाजाने शतकानुशतके सोसला, त्याने तरी आपल्या घरात नवी शिवाशिव सुरू करू नये. माळ काढा, तपासणी करा आणि लस हक्काने मागून घ्या.