डाळ मोजायला शिकवा

‘आधी पोटात घाला, मग शिकवा.’ प्राथमिक शाळेत आहारशिक्षण हवं म्हटलं की हे उत्तर येतं, आणि देणारे मुलांच्या कळवळ्यानेच देतात. घरी डाळच शिजत नसेल, तर त्या मुलाला प्रथिनांचा धडा देणं निर्दयपणाचं आहे, हे मलाही मान्य आहे. ‘आधी’ आणि ‘मग’ ही वाटणी मात्र मान्य नाही.

शिजवलेलं अन्न शाळेतच द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, हे शालेय पोषण आहाराचं ठरलेलं प्रमाण. ते मुख्याध्यापकांना ठाऊक असतं, तपासणीला येणाऱ्यांना ठाऊक असतं. जेवणाऱ्या मुलाला कुणी सांगतच नाही. चौथीत वजनं शिकवायचीच असतात, तर ती याच डाळीवर शिकवा. वीस ग्रॅम डाळ स्वतःच्या हाताने तोललेलं मूल पातळ खिचडी पाहून गप्प बसणार नाही. घरी सांगेल, आणि पालक शाळा व्यवस्थापन समितीत विचारतील. म्हणून ‘आधी पोट’ म्हणणाऱ्यांनी तर हे शिक्षण हट्टाने मागायला हवं.

दुसरा आक्षेप: हे आईचं काम. पण पाच रुपयांचं पाकीट आई आणत नाही, आठ वर्षांचं मूलच विकत घेतं. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ मुलांना विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. एक्कावन्नाव्या मीटरवर त्या मुलाला कोण सांभाळणार? पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, एवढं कळलं तरी पहिल्या तीन नावांत साखर आहे का, हे त्याचं त्यालाच शोधता येईल.

पुस्तकात धडा आहेच, असंही म्हणतात. आहे, चित्रांना नावं देण्यापुरता.

मात्र वर्गात कुणाला जाड-बारीक म्हणू नये, कुणाच्या डब्याला नावं ठेवू नयेत. उलट नाचणीची भाकरी आणणाऱ्याला कळू द्या, की तिच्यातल्या कॅल्शियमच्या विसाव्या हिश्शाइतकंही पांढऱ्या तांदळात नसतं. अंबाडी, शेवग्याचा पाला, टाकळा ओळखणाऱ्या स्वयंपाकी ताई शाळेतच आहेत. आठवड्यातला एक तास त्यांना द्या, आणि त्या तासाचे पैसे मानधनाव्यतिरिक्त द्या.