हायवेवरचा 'बग' सापडायला किती अपघात लागतात?

माझा एक मित्र रात्री बाईकवरून गावी जात होता. हायवेवर दुभाजकाच्या एका कटमधून अचानक ट्रॅक्टर आडवा आला. पाय मोडला, पण जीव वाचला. नंतर कागदपत्रं बघितली, तर अपघाताची जागा म्हणून फक्त 'हायवेवर, गावाच्या हद्दीत' एवढंच लिहिलेलं. आता ती हद्द चांगली चार किलोमीटरची. त्यातला नेमका कोणता कट धोकादायक, हे त्या कागदावरून कुणाला कळणार? आमच्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्ट आला, पण लाइन नंबरच नाही.

2022 मध्ये महाराष्ट्रात 33,383 रस्ते अपघात झाले आणि त्यात 15,224 लोक गेले. म्हणजे रोज साधारण 42 जण. राज्याचा रस्ता सुरक्षा आराखडा म्हटलं की आपल्याला हेल्मेट, दंड आणि सप्ताहाचे बॅनर आठवतात. पण खरा आराखडा सुरू होतो डेटापासून.

आयरॅड काय आहे?

आयआयटी मद्रासने तयार केलेली आणि एनआयसीने राबवलेली ही अपघातांची देशपातळीवरची डेटाबेस सिस्टीम. 2021 मध्ये ती आधी सहा राज्यांत सुरू झाली, त्यात महाराष्ट्र होता. पोलीस अपघाताच्या जागी जाऊन मोबाईल अ‍ॅपमध्ये माहिती भरतात: फोटो, वाहनं, जखमी आणि जीपीएस लोकेशन. मग रस्ते विभाग, आरटीओ आणि हॉस्पिटल आपापला भाग जोडतात. थोडक्यात, लाइन नंबर मिळायला लागला. अर्थात, नोंद त्याच जागी उभं राहून केली तरच. नंतर ठाण्यात बसून पिन टाकली, तर धोकादायक जागा म्हणून नकाशावर पोलीस ठाणंच दिसेल!

ब्लॅक स्पॉटची अडचण

राष्ट्रीय महामार्गावर साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा झालेले 5 अपघात झाले, किंवा 10 मृत्यू झाले, तर तो ब्लॅक स्पॉट. ही 'इफ कंडिशन' नीट वाचा. चार गंभीर अपघात झाले आणि त्यांत चार जण गेले, तरी उत्तर 'फॉल्स'. सिस्टीम पाचव्याची वाट बघते. दुरुस्तीचे पैसे आधी कुठे लावायचे हे ठरवायला असा निकष लागतो, मान्य. पण नुसत्या त्याच्यावर आराखडा उभा केला, तर आपण कायम अपघाताच्या मागेच धावणार.

यावर एक वेगळा प्रयोग नागपुरात झाला. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पात शहर बसना कॅमेरे आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसवली. ड्रायव्हरला अलर्ट मिळतोच, शिवाय 'थोडक्यात वाचलो' असे प्रसंग कुठे वारंवार घडतात, तेही नोंदवलं जातं. अशा जागांना 'ग्रे स्पॉट' म्हणतात. माणूस जायच्या आधीच बग सापडला!

नुसता डॅशबोर्ड जीव वाचवत नाही

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर 2016 मध्ये 151 मृत्यू झाले होते. त्याच वर्षी 'झिरो फॅटॅलिटी कॉरिडॉर'चं काम सुरू झालं. एकेका अपघाताचा अभ्यास, उघड्या खांब-कठड्यांपुढे क्रॅश बॅरियर, कडेला थांबणाऱ्या ट्रकवर नजर, जखमींपर्यंत लवकर पोचणं, असं सगळं एकत्र केलं. आकडा बराच खाली आला. कॅमेरे असलेली आयटीएमएस यंत्रणा नंतर आली, 2024 मध्ये.

म्हणून मला वाटतं, राज्याच्या आराखड्यात तीन गोष्टी हव्यातच: प्रत्येक अपघाताचं खरं लोकेशन, ग्रे स्पॉटची यादी लोकांसाठी खुली, आणि प्रत्येक जागेपुढे दुरुस्तीची तारीख व जबाबदार विभाग. तिकीट 'क्लोज' कुणी केलं, हे दिसायला नको का?

आणि आपण?

अपघात दिसला तर आधी 112 किंवा 108, राष्ट्रीय महामार्गावर 1033. 'पुढच्या पुलाजवळ' असं सांगू नका. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा किंवा मॅपवरचं लोकेशन सांगा. मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव सांगायची सक्तीही पोलीस करू शकत नाहीत.

मित्राचा पाय आता बरा आहे. तो कट मात्र अजून तसाच आहे.