डिझेलचा हिशेब आणि धुक्यातली काच

जानेवारीतल्या एखाद्या रात्री नाशिकचा कांदा घेऊन निघालेली मालमोटार धुळे, सेंधवा, इंदूर मागे टाकून ग्वाल्हेरच्या पुढे सरकते, तेव्हा चालकाची चिंता बदलते. तोवर त्याला घाट, टोलनाके आणि तपासणीचे पोलीस यांची काळजी असते. चंबळ ओलांडल्यावर मात्र समोरची काच हाच सारा प्रश्न होतो. बाहेर दाट धुके, आत श्वासाची वाफ आणि थंड काचेवर दोन्ही अंगांनी साचणारे दव. एक हात स्टिअरिंगवर आणि दुसऱ्या हातात फडके, अशा अवस्थेत त्याला पहाटेपूर्वी दिल्लीची आझादपूर मंडी गाठायची असते. केबिनमध्ये वातानुकूलन असेल, तर आतली हवा कोरडी होऊन काच लवकर निवळते. परंतु त्याचा कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो आणि इंजिन डिझेलवर. त्यामुळे बटणाकडे हात नेण्यापूर्वी चालक मनाशी हिशेब करतो. हिशेब केबिनमध्ये होत असला, तरी त्यातले आकडे ठरतात ते राजधानीत.

इंधनाच्या नियंत्रित किमतींची पद्धत १ एप्रिल २००२ रोजी कागदोपत्री संपुष्टात आली. प्रत्यक्षात डिझेलच्या दरावरचा सरकारी हात निघण्यास आणखी बारा वर्षे लागली. जानेवारी २०१३ पासून दरमहा सुमारे ५० पैशांची वाढ करण्याची मुभा तेल कंपन्यांना मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाले. जून २०१७ पासून तर दर रोज बदलू लागले. बाजारभाव वाढला की ग्राहकाने जास्त मोजायचे आणि उतरला की कमी, असे या मुक्तीचे तत्त्व होते. त्यातला पहिला भाग काटेकोरपणे अमलात आला. दुसऱ्या भागाच्या आड अबकारी कर आला. मे २०१४ मध्ये लिटरमागे ३ रुपये ५६ पैसे असलेले केंद्रीय शुल्क मे २०२० मध्ये ३१ रुपये ८३ पैशांवर पोचले. महामारीमुळे कच्च्या तेलाचे भाव कोसळले असताना एका रात्रीत डिझेलवर १३ रुपयांची वाढ झाली. त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये दहा आणि मे २०२२ मध्ये सहा रुपयांची कपात झाली. मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, किरकोळ दरही दोन रुपयांनी उतरले. बाजाराच्या नावाने चालणाऱ्या दराला निवडणुकीचे वेळापत्रक बरोबर कळते, हे चालकांच्या धाब्यावरच्या गप्पांतले निरीक्षण अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा कमी अचूक नाही.

राज्यांची भूमिकाही निर्मळ नाही. डिझेलवरील केंद्रीय शुल्काचा मोठा भाग उपकर व विशेष शुल्क या रूपात असल्याने तो राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे. परंतु त्याच वेळी मूल्यवर्धित कराचे आपले हक्काचे कुरण सोडण्यास एकही मोठे राज्य तयार नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौ येथे भरलेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत पेट्रोल-डिझेलला या कराच्या कक्षेत आणण्याचा विषय निघाला आणि तिथेच मिटला. एरवी एकमेकांवर तुटून पडणाऱ्या केंद्र आणि राज्यांचे या एका मुद्द्यावर विलक्षण एकमत असते. जुलै २०१८ मध्ये मालवाहतूकदारांनी आठवडाभर देशव्यापी संप केला, तेव्हाही डिझेलचा दर ही त्यांची पहिली तक्रार होती. तीन-चार दिवसांच्या फेरीचे भाडे निघताना ठरते, डिझेलचा दर मात्र वाटेत बदलतो. स्वस्त डिझेल ही मागणी जुनी आहे. स्थिर डिझेल ही त्याहून समंजस मागणी आहे.

हा भार शेवटी कोणावर उतरतो, हे मालवाहतुकीची रीत पाहिल्यावर कळते. अनेक ठिकाणी मालक चालकाला फेरीसाठी ठरावीक रक्कम किंवा ठरावीक डिझेल देतो. त्यातून वाचेल ते चालकाचे, कमी पडेल तेही त्याचेच. भाव चढले आणि भाडे वाढले नाही, की मालक प्रथम कात्री लावतो ती क्लीनरला. या पदाचे नावच त्याच्या कामाची ओळख देणारे. काच पुसणे, मागून येणारी वाहने पाहणे आणि चालकाला जागे ठेवणे हे त्याचे काम. तो गेल्यावर ही सारी कामे एकट्या चालकावर येतात. घासलेली वायपरची पट्टी ‘पुढच्या फेरीला’ बदलायची राहते. पावसात वायपर बंद पडला, तर काचेवर तंबाखू किंवा बटाट्याची फोड चोळण्याची जुनी युक्ती अजूनही कामास येते. अशा रीतीने लिटरमागच्या रुपयांची वसुली अखेर चालकाच्या दृष्टीतून होते.

सरकारला मालमोटारीची काच दिसतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. फेब्रुवारी २०२१ पासून पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला. तो काचेवर न चिकटवता हातात धरून दाखवणाऱ्यांकडून दुप्पट पथकर घेण्याचा आदेश महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये काढला. इंधनाचा प्रकार सांगणारी रंगीत चकती काचेवर आली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिती काढायला लावल्या. काचेवर काय असावे आणि काय नसावे, याविषयी व्यवस्था इतकी दक्ष आहे. त्या काचेतून पलीकडचे दिसते की नाही, याविषयी तितकी दक्षता आढळत नाही. मोटार वाहन नियमांत चालू स्थितीतला वायपर बंधनकारक आहे. पण रस्त्यावरच्या तपासणीत कागदपत्रांनंतर क्वचितच कोणी वायपरकडे पाहतो.

नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व अवजड मालमोटारींत वातानुकूलित केबिन सक्तीची करण्याचा निर्णय म्हणूनच स्वागतार्ह आहे. तो उन्हाळ्यातल्या सुखासाठी आहे अशी समजूत आहे. पावसाळ्यात आणि धुक्यातही तो तितकाच जीवरक्षक ठरू शकतो. परंतु त्याला दोन मर्यादा आहेत. आधीपासून रस्त्यावर असलेल्या लाखो मालमोटारींना तो लागू नाही. आणि जिथे तो लागू आहे, तिथे वातानुकूलनाला लागणारे डिझेल कोणी भरायचे, याबद्दल तो मौन बाळगतो. चालकाच्या वाट्याच्या डिझेलातूनच ते जाणार असेल, तर यंत्र केबिनमध्ये राहील आणि बटण बंद राहील.

दंडाच्या बाबतीत असे मौन नाही. अपघात करून खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद नव्या न्याय संहितेत आली, तेव्हा जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी चालकांनी चाके थांबवली आणि पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. ते कलम तूर्त लांबणीवर टाकून सरकारला १ जुलै २०२४ रोजी बाकीची संहिता अमलात आणावी लागली. पळून जाणे क्षम्य नाही, हे निर्विवाद. परंतु २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यावर मरण पावणाऱ्या देशात अपघातानंतरच्या शिक्षेवर जेवढी शक्ती खर्च होते, तिचा काही अंश तरी अपघाताआधीच्या काचेवर व्हायला हवा.

त्यासाठी मोठ्या सुधारणेची वाट पाहण्याचे कारण नाही. सरकारी खाती आणि सार्वजनिक उपक्रम स्वतःच मालवाहतुकीचे मोठे ग्राहक आहेत. त्यांच्या करारांत डिझेलच्या दराशी जोडलेले भाडे, केबिनच्या वातानुकूलनासाठी वेगळे इंधन आणि लांब फेरीला दुसरा माणूस, या तीन अटी घालणे एका परिपत्रकाचे काम आहे. वाहनाच्या योग्यता तपासणीत वायपर व काच यांची खरीखुरी परीक्षा घेणे हे दुसऱ्या परिपत्रकाचे. ही परिपत्रके ज्या टेबलांवर तयार होतात, तिथे बसणाऱ्यांत मराठी अधिकारीही आहेत. हिवाळ्यात त्यांच्या घरी येणारा कांदा बहुधा अशाच एखाद्या काचेमागून आलेला असतो.